प्लेन टेबल कपाटावर का राहिलं? अभ्यासक्रम आणि त्याची हरवलेली कारणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापिका नुकत्याच अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर, म्हणजे आपण सगळे ज्याला बीओएस म्हणतो त्यावर, नेमल्या गेल्या आहेत. त्या विचारतात, ‘अभ्यासक्रम सुधारायचा तर सुरुवात कुठून करू? आणि मंडळात ठरलेलं वर्गावर शिकवणाऱ्यापर्यंत वेळेत का पोचत नाही?’

त्यांनी हे दोन प्रश्न वेगळे केले आहेत. मला मात्र तो एकच प्रश्न वाटतो. तीसेक वर्षांत मी वेगवेगळ्या मंडळांवर बसलो. त्यात विद्यापीठाची मंडळं होती, स्वायत्त महाविद्यालयांची होती, गोव्याबाहेरचीही होती. अभ्यासक्रम जुना झाल्यामुळे जितका बिघडतो, त्याहून जास्त तो कारणं हरवल्यामुळे बिघडतो, असं माझं मत या सगळ्या बैठकांतून झालं आहे. एखादा घटक का घातला, का काढला, पंधरा तासच का दिले, हे ज्यांना ठाऊक असतं त्यांची मुदत संपते आणि त्यांच्याबरोबर ते कारणही जातं. मागे राहते फक्त एक पीडीएफ.

एक प्रसंग सांगतो. एका मंडळाने प्रात्यक्षिकांतून प्लेन टेबल सर्वेक्षण वगळलं. ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तिपाईवर चौकोनी लाकडी फलक बसवायचा, स्पिरिट लेव्हलने तो समतल करायचा, खालून ओळंबा सोडून जमिनीवरच्या बिंदूशी जुळवायचा, कागद ताणून लावायचा आणि अॅलिडेडमधून, म्हणजे नेम धरायच्या पट्टीतून, झाड, खांब, इमारतीचा कोपरा बघत तिथल्या तिथे रेषा मारायच्या. मैदानात उभ्या असलेल्या पोराच्या हाताखाली नकाशा तयार होत जातो. नकाशा म्हणजे काय, हे त्या दोन तासांत जितकं समजतं तितकं वर्गातल्या दहा व्याख्यानांनी समजत नाही. इतिवृत्तात या निर्णयाची एकच ओळ होती: ‘प्रात्यक्षिक घटक ३ वगळण्यात आला.’

काही वर्षांनी मी त्या मंडळावर गेलो. नव्या सदस्यांचा समज असा झालेला की जीपीएस आल्यामुळे हे तंत्र कालबाह्य ठरवून काढलं. तो तर्क चुकीचाही वाटत नव्हता. पण परीक्षक म्हणून एका महाविद्यालयात गेलो असताना प्रयोगशाळेत कपाटावर सहा प्लेन टेबलं दिसली, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. विचारलं तर तिथल्या साहाय्यकाने सांगितलं की आली तेव्हापासून तशीच आहेत. घरी येऊन जुन्या मंडळावरच्या एका निवृत्त सदस्याला फोन केला, तेव्हा खरी गोष्ट कळली. त्या वेळी दोन महाविद्यालयांत चोवीस विद्यार्थ्यांमागे एकच टेबल होतं. परीक्षा घेता येत नव्हती, म्हणून साधनं येईपर्यंत घटक बाजूला ठेवायचा असं ठरलं होतं. नंतर साधनं आली. पण ‘येईपर्यंत’ हा शब्द कुठेच लिहिलेला नव्हता. मधल्या वर्षांतली सगळी मुलं फलकाला हात न लावता पदवीधर झाली. आम्ही तो घटक परत घेतला, पूर्वीइतका मोठा नाही, जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीच्या, आधीची आठ तासांची ओळख म्हणून. आधी हाताने आणि मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हा क्रम आजही मला योग्य वाटतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की नवं काय घालायचं या विचाराने सुरुवात करू नका. कारणांची एक नोंदवही सुरू करा. साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक बदलाला एक ओळ: काय बदललं, का बदललं, ते तास कुठून आले किंवा कुठे गेले, आणि पुन्हा कधी बघायचं. त्या प्लेन टेबलाची नोंद अशी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं: ‘घटक ३, प्लेन टेबल, तात्पुरता वगळला. कारण दोन महाविद्यालयांत साधनं अपुरी. मोकळे तास घटक ४ ला. साधनं आल्यावर परत घ्यावा, दोन वर्षांनी तपासणे.’ हे लिहायला दोन मिनिटं लागतात. मात्र बैठक सुरू असतानाच लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं.

काहींना वाटतं की कारणं लिहून ठेवली तर उद्या कुणी त्यावर बोट ठेवेल. त्यांना माहिती अधिकार कायद्याची, २००५ च्या कायद्याची आठवण करून द्या. त्याचं कलम ४ म्हणजे कुणी अर्ज केल्यावर माहिती देण्यापुरतं नाही. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित बाबी आपणहून प्रसिद्ध कराव्यात आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं द्यावीत, असं ते सांगतं. हजारो विद्यार्थ्यांनी तीन वर्षं काय शिकायचं, याहून लोकांवर परिणाम करणारा निर्णय विद्यापीठात दुसरा कुठला असतो?

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. बैठकीआधी एक रविवार मोकळा ठेवा आणि गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून बसा. एका मोठ्या कागदावर डावीकडे अभ्यासक्रमातले घटक लिहा, शेजारी प्रत्येकाला दिलेले तास, आणि पुढे पाच रकाने पाच वर्षांचे. कुठल्या घटकावर किती गुणांचा प्रश्न आला ते भरत जा. चार श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, लेखी पेपर म्हणजे साठ तास, एका श्रेयांकाला पंधरा. प्रात्यक्षिकात एका श्रेयांकाला तीस तास लागतात. कागद भरला की दिसेल, पंधरा तासांच्या एखाद्या घटकावर पाच वर्षांत दोन गुणांची टीप सोडून काहीच विचारलेलं नाही, आणि सात तासांच्या घटकावर दरवर्षी दहा गुणांचा प्रश्न ठरलेला आहे. मुलं आणि शिक्षक दोघंही प्रश्नपत्रिका बघूनच चालतात, त्यांना दोष देता येत नाही. शिकवला जाणारा खरा अभ्यासक्रम त्या कागदावरच असतो. छापलेला अभ्यासक्रम बदलून प्रश्नपत्रिकेचा आराखडा तोच ठेवलात तर काहीही बदलणार नाही. म्हणून नव्या पेपराबरोबर नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणांची विभागणी त्याच बैठकीत मांडा, ‘नंतर कळवू’ म्हणू नका.

त्याच कागदावर आणखी एक रकाना करा, प्रत्यक्ष लागलेल्या तासांचा. यासाठी तो पेपर शिकवणाऱ्यांनाच विचारावं लागेल. ‘सूचना पाठवाव्यात’ असं पत्र काढलंत तर एकही उत्तर येणार नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. दोनच नेमके प्रश्न विचारा: कुठल्या घटकाला वेळ पुरत नाही, आणि वेळ नसला की तुम्ही काय सोडून देता? दुसरा प्रश्न नाजूक आहे. उत्तर द्यायला लोक कचरतात. म्हणून नाव न लिहिता उत्तर देता येईल असा फॉर्म करा. गोवा लहान आहे. एका विषयाचे सगळे शिक्षक एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. कुणी बनवलेल्या पेपरावर टीका केली की ती त्या माणसावर केल्यासारखी वाटते. याला मी शोधलेला उपाय असा की मसुद्यावर कधीही तयार करणाऱ्याचं नाव ठेवायचं नाही आणि बैठकीत ‘तुमचा पेपर’ असा शब्द येऊ द्यायचा नाही. पेपर मंडळाचा. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटतं, दोन बैठकांनंतर सवय होते.

तासांचं बोलतोच आहे तर आपल्याकडच्या ऋतूंचं आणि सणांचंही बोलायला हवं, कारण इतर राज्यांचे नमुने उतरवताना इथेच हमखास चूक होते. पंधरा आठवड्यांचं सत्र कागदावर पंधरा आठवड्यांचं असतं. पावसाळ्यातल्या सत्रात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते. सुट्टी काही दिवसांचीच असली तरी गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीच्या तयारीपासून विसर्जनापर्यंत वर्ग भरत नाहीत. सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या मुलांची गावी जाण्याची धावपळ त्याआधीच सुरू होते. त्यामुळे सलग तीन आठवडे चालणारा प्रकल्प त्या काळात ठेवू नये. क्षेत्रभेटीचा पेपर विषम, म्हणजे पावसाळ्यातल्या, सत्रात ठेवला तर जुलै-ऑगस्टच्या पावसात सर्वेक्षण करावं लागतं. नदी आणि पूरपातळी बघायची असेल तर ते उत्तमच, पण उपकरणं घेऊन मोजमाप करायचं असेल तर अशक्य. एका ठिकाणी आम्ही सर्वेक्षणाचा पेपर फक्त विषम सत्रातून सम सत्रात नेला. एक शब्दही न बदलता तो सुधारला.

मजकुराबद्दल बोलायचं तर आधी थोडा इतिहास लक्षात ठेवा. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालयं सुरू झाली तेव्हा ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोवा विद्यापीठ आलं १९८५ मध्ये. तेवीस वर्षं आपण मुंबईचा अभ्यासक्रम शिकवला. त्यातून एक शिस्त मिळाली, ती मी कमी लेखत नाही. पण उदाहरणंही तिथलीच आली: दख्खनचं पठार, ऊस, कापूस, मुंबईच्या गिरण्या. पाठ्यपुस्तकांत समुद्रालगतची जमीन राखण्याचं उदाहरण नेदरलँड्समधल्या पोल्डरांचं असतं. मुलं ते पाठ करतात आणि मांडवी, जुवारीच्या काठची खाजनं ओलांडून घरी जातात. भरतीच्या पातळीखालची ती शेतं मातीच्या बांधांनी राखलेली आहेत. मानशीची, म्हणजे बांधातल्या जलद्वाराची, दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. भरती-ओहोटी, खारेपण, गावकरी या गावसंस्थेची सामूहिक व्यवस्था, मासेमारी आणि भातशेती हे सगळं एका जागी उभं राहून शिकवता येतं. दिवाडी किंवा चोडणला फेरीतून जायला काही मिनिटं लागतात.

पण याचा अर्थ शेवटी ‘घटक ५: गोवा’ असा एक तुकडा जोडणे नव्हे. तो मी स्वतः एकदा जोडला होता आणि ती चूक होती. सत्राच्या शेवटी असल्यामुळे तो घाईत उरकला जातो आणि मुलांना वाटतं की खरा भूगोल आधीचे चार घटक आणि गोवा म्हणजे पुरवणी. स्थानिक उदाहरण त्या त्या संकल्पनेच्या जागीच यायला हवं. किनारी भूरूपं शिकवताना मिरामार, जांभा शिकवताना पठारं, संसाधनांचं अर्थकारण शिकवताना डिचोली-साखळीचा खनिज पट्टा आणि २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी या सगळ्यांवर झालेला परिणाम. खाणपट्ट्यातल्या कितीतरी मुलांच्या घरात हा परिणाम प्रत्यक्ष आलेला आहे. ती मुलं त्या तासाला गप्प बसत नाहीत.

माझी एक सूचना अशी आहे, आणि तिचा आग्रह तुम्ही धरावा असं मला मनापासून वाटतं: साठ तासांतले सहा-आठ तास मोकळे सोडा. त्यात त्या महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातली उदाहरणं घ्यावीत. पेडण्याचे शिक्षक तेरेखोल घेतील, केप्याचे कुशावती घेतील. हे टिकायचं असेल तर प्रश्नपत्रिकेत ‘तुमच्या तालुक्यातील एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा’ असा प्रश्न हवा आणि तो तपासायचा कसा, हे परीक्षकांना लिहून दिलेलं हवं. नाहीतर पहिल्याच वर्षी एखादा परीक्षक आदर्श उत्तरात नसलेलं उदाहरण कापेल आणि दुसऱ्या वर्षी ते सहा तासही पाठ्यपुस्तकात जातील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना गोव्यात पदवीला २०२३-२४ पासून आली. तिच्याबद्दल मी एवढंच सांगेन. तीन वर्षांना किमान १२० श्रेयांक, चार वर्षांना १६०, मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), बहुविद्याशाखीय, कौशल्य, मूल्यवर्धित अशा पेट्या वरून ठरलेल्या आहेत. त्या मंडळाला बदलता येत नाहीत, म्हणून त्यावर बैठकीचा वेळ घालवू नका. पेटीत काय ठेवायचं, हे मात्र आपल्या हातात आहे. विशेषतः तीन श्रेयांकांच्या बहुविद्याशाखीय पेपरांकडे लक्ष द्या. ते दुसऱ्या शाखेच्या मुलांसाठी असतात आणि बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या मेजरचा पेपर कापून तयार केलेले असतात. वाणिज्य शाखेच्या मुलाला भूगोलातलं काय आयुष्यभर उपयोगी पडेल, या प्रश्नापासून ते नव्याने लिहायला हवेत. फलनिष्पत्तीचे, म्हणजे मूल शेवटी काय करू शकेल याचे, तक्ते भरताना ‘जाणतो’, ‘समजतो’ ही क्रियापदं टाळा. ‘टोपोशीटवरून (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावरून) दोन ठिकाणांमधला उंचीतला फरक काढतो’ असं लिहिलंत की परीक्षा कशी घ्यायची हेही ठरून जातं.

कामाच्या तासांचा विषय कुणी उघडपणे काढत नाही. बदलाला होणारा अर्धा विरोध मात्र तिथूनच येतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी आणि प्राध्यापकाला चौदा. एक पेपर सक्तीचा होता तो ऐच्छिक झाला की एखाद्या विभागाचे तास कमी होतात, आणि पहिली कुऱ्हाड लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणाऱ्या तरुण शिक्षकावर पडते. कुणी ‘हा विषय फार महत्त्वाचा आहे’ म्हणून अडून बसलं असेल तर आधी शांतपणे तासांचं गणित मांडा: कुठल्या महाविद्यालयात किती तास वाढतात, किती घटतात. ही भीती बोलून टाकली की विषयावरची खरी चर्चा सुरू होते. मंडळाने कुणाची नोकरी राखायची असं मी म्हणत नाही. पण आपल्या निर्णयाने कुणाचं काय होतं, हे मंडळाला माहीत असलंच पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, माहितीचा. मंडळात ठरलेली गोष्ट विद्यापीठाच्या अकॅडमिक कौन्सिलकडे जाते, मंजूर होते, परिपत्रक निघतं, प्राचार्यांच्या ईमेलवर येतं, तिथून कार्यालय, तिथून विभागप्रमुख, तिथून शिक्षक. सहा थांबे. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवस गेले तरी पंधरवडा होतो, आणि शेवटच्या थांब्यावरच गळती सर्वांत जास्त असते. कारण विभागाच्या यादीत कायम शिक्षकांचेच पत्ते असतात. जूनमध्ये रुजू झालेली लेक्चर बेसिसवरची शिक्षिका त्या यादीत नसते. तिला शेजारच्या टेबलावरून मागच्या वर्षीची झेरॉक्स मिळते. मी परीक्षक असताना एका केंद्रावर पाहिलं होतं, अख्ख्या वर्गाने जुन्या घटकाची तयारी केलेली. शिकवणाऱ्या मुलीचा काहीच दोष नव्हता. ती माझ्यासमोर रडली आणि मला उत्तर सुचलं नाही.

ही पोकळी व्हॉट्सअॅप भरून काढतो आणि गोंधळही तोच वाढवतो. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल करेक्टेड’ अशा नावांच्या फायली फिरतात. चर्चेसाठी पाठवलेला मसुदा मंजूर अभ्यासक्रम म्हणून छापून काढला जातो. म्हणून मसुद्याच्या प्रत्येक पानावर, फक्त पहिल्या नव्हे, मोठ्या अक्षरांत ‘मसुदा’ आणि तारीख असलीच पाहिजे. आणि ग्रुपवर फाइल कधीच टाकू नका, दुवा टाका. फाइल जिथे पडली तिथेच गोठते. दुव्यावरचं पान तुम्हाला दुरुस्त करता येतं.

तो दुवा कुठे जावा? प्रत्येक पेपराला एकच कायमचं पान हवं. पेपराचा संकेतांक, आवृत्ती क्रमांक, ‘२०२३-२४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना लागू’ असं स्पष्ट वाक्य, घटक, तास, गुणविभागणी, नमुना प्रश्नपत्रिका, संदर्भग्रंथ आणि सर्वांत खाली त्या कारणांच्या नोंदवहीतल्या या पेपराच्या ओळी. म्हणजे काणकोणात शिकवणाऱ्याला घटक का बदलला हे विचारायला पणजीला फोन करावा लागणार नाही. उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘दिश्टावो’ उपक्रमातली ध्वनिचित्र व्याख्यानं आपल्याकडे आहेतच. पण ती कुठल्या पेपरासाठी केली होती आणि आजच्या कुठल्या घटकाला लागू पडतात, हे घटकानिहाय जोडून दिल्याशिवाय मुलांना सापडत नाहीत. ती जोडणीही याच पानावर व्हावी. संदर्भग्रंथ घालताना ग्रंथपालांना बरोबर घ्या. एखादं पुस्तक सुचवण्याआधी ते आपल्या ग्रंथालयांत आहे का, छापलं जातं आहे का, हे दहा मिनिटांत ऑनलाइन तालिकेत दिसतं. जे पुस्तक कुणाच्या हाती लागणारच नाही, ते यादीत ठेवून मुलांचा यादीवरचा विश्वास उडतो.

जुन्या आवृत्त्या मात्र काढून टाकू नका. नवी चढवताना जुनी पुसायची, ही सवय फार महागात पडते. एक तर पुनर्परीक्षार्थी असतात, त्यांना जुनाच अभ्यासक्रम लागू असतो. आणि दुसरं कारण खास आपल्या गोव्याचं आहे. आपली मुलं पोर्तुगाल, इंग्लंड, कॅनडा, आखात अशा ठिकाणी जातात. तिथल्या विद्यापीठाला किंवा पदवी पडताळणाऱ्या संस्थेला कधी कधी गुणपत्रिका पुरत नाही, त्या वर्षी शिकलेल्या प्रत्येक पेपराचा शिक्का मारलेला अभ्यासक्रम लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीने पदवीनंतर सतरा वर्षांनी कॅनडातून निरोप पाठवला. तिला सहा सत्रांचे पेपर हवे होते. तिचे वडील सासष्टीहून तीन वेळा खेपा घालत होते. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. शेवटी पाच सत्रांचे कागद एका निवृत्त शिक्षकाच्या घरच्या ट्रंकेत मिळाले. सहावं सत्र मिळालंच नाही आणि तिचं ते वर्ष वाया गेलं. आपण मंजूर केलेला कागद हा त्या मुलीच्या पदवीचा भाग असतो. तो जपणं हे विद्यापीठाचं तिच्याशी असलेलं देणं आहे. दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेने आपले शोधनिबंध मुक्त डिजिटल भांडारात ठेवले आहेत. तसं भांडार अभ्यासक्रमांसाठी करायला लागणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. मोठ्या निधीचा हा विषय नाही, एका माणसावर जबाबदारी सोपवण्याचा आहे.

भाषेचा मुद्दा मला टाळता येत नाही. आपली बरीच मुलं प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि महाविद्यालयात इंग्रजीतून लिहितात. बुद्धी असूनही पहिल्या वर्षी ती संज्ञांपाशीच अडखळतात. प्रत्येक पेपराच्या पानावर चाळीस-पन्नास संज्ञांची मराठी-कोकणी-इंग्रजी यादी द्या. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, त्यातून सुरुवात होते. शिवाय जिथे गावातला शब्द जिवंत आहे तिथे तोच आधी लिहा. ‘मानस’ म्हटल्यावर जे मुलाच्या डोळ्यांसमोर येतं ते ‘जलद्वार’ म्हटल्यावर येत नाही.

वेळापत्रक जूनपासून मागे मोजा. जूनमध्ये वर्गात नवा पेपर हवा असेल तर साधनं आणि पुस्तकं मे अखेरपर्यंत यायला हवीत. ती यायची तर महाविद्यालयांना फेब्रुवारीत तरी नक्की काय लागणार हे कळायला हवं, कारण मार्चअखेर आर्थिक वर्ष संपतं. म्हणजे मसुदा नोव्हेंबरात तयार, डिसेंबरात तीन आठवडे शिक्षकांकडे, जानेवारीत मंडळ. मसुद्याबरोबर एक पानाचा सारांश द्या. त्यात फक्त काय काढलं, काय घातलं आणि का, एवढंच. चाळीस पानांचा मसुदा कुणी वाचत नाही, एक पान सगळे वाचतात आणि त्यावरच उत्तम हरकती येतात. पेपर मंजूर झाल्यावर मे महिन्यात तो शिकवणाऱ्या सगळ्यांची अर्ध्या दिवसाची बैठक घ्या, कायम असोत वा लेक्चर बेसिसवरचे. तिथे कौन्सिलचे ठराव वाचू नका. पेपर तयार करणाऱ्यांपैकी एकाने त्यातला सर्वांत अवघड घटक प्रत्यक्ष शिकवून दाखवावा. प्लेन टेबल परत आणलं तेव्हा आम्ही असंच केलं होतं, पटांगणात, सकाळी आठ वाजता, उन्हं चढायच्या आत. ज्यांनी विद्यार्थी असताना ते कधी केलंच नव्हतं असे चार तरुण शिक्षक होते. अकरा वाजले तरी ते फलकापासून हलायला तयार नव्हते.

तुमची पहिली बैठक जवळ आली असेल तर एवढं तरी कराच. मागच्या तीन बैठकांची इतिवृत्तं मागवा आणि ‘वगळण्यात आला’, ‘समाविष्ट करण्यात आला’ या प्रत्येक शब्दासमोर पेन्सिलीने ‘का?’ लिहा. मग त्या वेळचे सदस्य अजून भेटतात तोवर त्यांना गाठून विचारा. नव्वदच्या दशकातल्या काही पेपरांच्या सायक्लोस्टाइल प्रती माझ्याकडे एका लोखंडी पेटीत आहेत, समासात त्या वेळच्या चर्चेच्या नोंदींसह. गेल्या पावसात एका गठ्ठ्याला दमट लागून कडा पिवळ्या पडल्या आहेत. या मेमध्येच, पाऊस यायच्या आधी, त्या स्कॅन करून घ्यायला कुणीतरी या.